छापून झालेला नियम

आमच्या घरात छापील कागदाला खोटं म्हणायची रीत नव्हती. बाबा शाळेत शिपाई होते, पण गायरानाच्या भांडणापासून वसतिगृहातल्या अळ्या पडलेल्या डाळीपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक लढ्याचं पत्रक त्यांनी लिहिलं. मी अक्षरं ओळखायला शिकले ती अंकलिपीवर नाही, ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा’ या ओळीवर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बाबा एकच सूचना घालायचे : वाचा, जपून ठेवा, दुसऱ्याला द्या.

म्हणून नांदुऱ्यात मोबाइलच्या दुकानावर, काचेच्या दारामागे व्हिसाचा एजंट येऊन बसला, तेव्हा माझं डोकं फिरलं. वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडा असलेला नियम हा माणूस गुपित असल्यासारखा विकत होता. नर्सिंग झालेल्या आमच्या पोरी त्याच्या जिन्यावर रांगा लावत होत्या. “मॅडम, ही प्रोसेस आहे, तुम्हाला नाही समजणार,” असं तो मला म्हणाला. मला! पंधरा दिवस मी इंग्लंडच्या व्हिसाचे नियम उलथेपालथे केले, एकेक कलम मराठीत आणलं आणि मलकापूरच्या प्रेसमधून चार पानी गुलाबी पत्रक काढलं. ‘व्हिसाला एजंट कशाला?’ तिसऱ्या पानावर ठळक टायपात होतं : वृद्धांची सेवा करणाऱ्या केअर वर्करला जोडीदार आणि लहान मुलं सोबत नेता येतात, नंतरही बोलावता येतात. खाली बाबांची सूचना, जशीच्या तशी.

छापलं तेव्हा ते खरं होतं. हे वाक्य मी पुढे इतक्या लोकांना ऐकवलं की आता मलाच त्याची किळस येते.

आमच्या गावात, वडनेर भोलजीत, मी ते घरोघर वाटलं, विहाराच्या फळ्यावर लावलं. कुणीतरी त्याला लॅमिनेशन करून घेतलं, तर मी आठवडाभर हवेत होते.

माझी मावसबहीण खामगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. नवरा दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवायचा, मुलगी चार वर्षांची. ताईला इंग्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नोकरी मिळाली, पण नर्सची नाही, केअर वर्करची. हा तुझ्या शिक्षणाचा अपमान आहे, असं मी तिला सुनावलं.

“अपमान तर इथं बी होते,” ती म्हणाली. “तिथं माही पोट्टी चांगल्या शाळेत तरी जाईन.”

अर्ज आम्ही दोघींनी मिळून भरला. आधी ती एकटी जाणार, खोली बघणार, सहा महिन्यांत नवऱ्याला आणि मुलीला बोलावणार. अर्ज तिच्या एकटीचा, त्यामुळे मुलांच्या नियमाचं पान आम्ही उघडलंच नाही. मी तर ते छापलं होतं.

व्हिसा आला. ताईने राजीनामा दिला. निघायला बारा दिवस उरले असताना बॅगेच्या वजनाचं विचारायला ती नांदुऱ्याला त्या एजंटकडे गेली, मी सोबत. मी त्याच्या जिन्याला पाय लावणार नव्हते, खालीच थांबले. पाच मिनिटांत ती धाडधाड खाली आली आणि माझं मनगट धरलं. “चाल वर.”

वर तिने पर्समधलं गुलाबी पत्रक टेबलावर आपटलं. “हा म्हणते पोट्टी नेता येत नाही. खोटं बोलून राह्यला. सांग वं त्याले!”

एजंट चिडला नाही. तो चिडला असता तर बरं झालं असतं. “ताई, हे जुनं झालं. केअर वर्करले आता नवरा-लेकरू नेता येत नाही. नर्सले येते.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुमचं पत्रक माह्याकडं बी हाय, मॅडम. लिहिलं चांगलं. पण मी रोज सकाळी वेबसाइट पाह्यतो. तुम्ही कधी पाह्यली?”

मी मोबाइल काढला. नियम बदलला होता. आमचा अर्ज त्यानंतर तीन आठवड्यांनी गेला होता. पत्रक छापल्यापासून मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं. एजंटने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. ते पाणी मी प्यायले नाही, एवढीच माझी मर्दुमकी.

जिन्यात ताई थांबली. “काऊन छापलं वं तू?”

“तेव्हा खरं होतं, ताई.”

“तेव्हाचं घेऊन मी काय करू? आता सांग.”

मग माझा तोल गेला. यांना आपले हात पाहिजेत, स्वतःच्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढायला. आपली लेकरं मात्र नकोत. ज्या देशाला बाई हवी आणि तिचं मूल नको, त्याच्या नोकरीवर थुंक, जाऊ नको. मी बोलतच होते. यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

“भाषण देऊ नको,” ती म्हणाली. “राजीनामा मी देल्ला, तू नाही.”

पुढचे दिवस मी पत्रकं गोळा करत फिरले. विहाराच्या फळ्यावरचं फाडलं. पत्रक हातोहात संग्रामपुरापर्यंत गेलं होतं; तिथे एका काकांनी लॅमिनेशन केलेली प्रत दोन्ही हातांनी छातीशी धरली. “नियम बदलला, काका, हे चुकीचं आहे,” मी म्हणाले.

“कोण म्हणते?”

“वेबसाइट.”

“मंग वेबसाइटवाल्यानंच चूक केली असंन. हे तर छापेल हाय.”

मी घरी येऊन बाबांवर ओरडले. त्यांनी गुलाबी पत्रक तळाच्या सूचनेपर्यंत वाचलं. मग म्हणाले, “गायरानाचा नियम वीस वर्सं तोच होता, पोरी. मले हेच माहीत होतं.”

ताई गेली नाही. विमानाच्या दिवशी तिने मुलीची वेणी घातली, तिला अंगणवाडीत सोडलं आणि मला फोन केला. नर्स म्हणून जायचं तर दोन परीक्षा, एक इंग्रजीची, एक नर्सिंगची. ती त्या देणार होती. जुन्या दवाखान्याने परत घेतलं नाही, म्हणून मलकापूरला कमी पगारावर लागली.

“तू रोज सकाळी पाह्यजो,” ती म्हणाली. “अन् मले सांगजो. छापू नको. नुसतं सांग.”

तेव्हापासून मी रोज ते पान उघडते. कुठे काय बदललं ते बारीक अक्षरात असतं. कुणाचं काय मोडलं ते कुठेच नसतं. चहा व्हायच्या आत मी तिला फोन लावते.

“आज?”

“नर्सला मूल नेता येतं.”

“परीक्षेपर्यंत राहीन हा नियम?”

“माहीत नाही, ताई.”

“बरं. ठेव आता,” ती म्हणते. “एजंटले बी इचारतो.”