दिल्ली ते इस्लामपूर, हैदराबादमार्गे

लेकीच्या लग्नाला तिचा मामा विमानानं येणार, एवढं घरात सगळ्यांना पटलं होतं. भांडण झालं ते त्यानं कुठल्या विमानतळावर उतरायचं यावरून.

भाऊ माझा फौजेत. माझ्या लग्नाला त्याची रजा मंजूर झाली होती, पण जम्मूहून रेल्वेनं पोचेपर्यंत मांडवसुद्धा सोडून झाला होता. नवऱ्याचा कान पिळायला चुलतभाऊ उभा केला. ते माझ्या मनातून कधी गेलंच नाही. म्हणून लेकीच्या मागं मामा म्हणून तोच उभा राहणार, दुसरा कुणी नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. आता रजा मिळाली ती नेमकी आदल्या संध्याकाळपासून, दिल्लीतून. आणि मुहूर्त दुपारी बारा अडतीसचा, इस्लामपूरच्या कार्यालयात.

पुण्याचे माझे धाकटे दीर मोबाइल काढून बसले. "वैनी, दिल्ली-पुणे दोन-सव्वादोन तास. सकाळी उतरला की माझ्याच गाडीत घालून आणतो."

"नको. हैदराबादला विमान बदलून कोल्हापूरला उतरू दे."

सगळे फिदीफिदी हसले. "आवं, एवढा वळसा कशाला? दुप्पट वेळ जाईल हवेत!"

"हवेत ट्रक आडवा येत न्हाई," मी म्हणाले. "पुण्यासनं हितवर रस्त्याची कामं, त्यात लग्नसराई. कोल्हापुरासनं तासाभरात माणूस दारात." चिडले की माझा आवाज चढतो, तसा चढलाच. तिकीट मी म्हणेन तेच काढायला लावलं.

"मामा चुकला तर तुमच्यावर हं वैनी," दीर म्हणाले.

"माझ्यावर!"

लग्नादिवशी अकराला भावाचा फोन आला. "आक्का, कोल्हापूरला उतरलो." मग मात्र त्याचा फोन लागेना. बारा वाजून गेले.

आमच्यात मुलीच्या आईनं अक्षता बघायच्या नसतात. ज्याच्यासाठी एवढी भांडले, ते बघणं माझ्या नशिबात नव्हतंच. मी कार्यालयाच्या मागं तुळशीला पाणी घालत उभी. माइकवरून भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणीच ओ देईना. पुन्हा पुकारलं. "आता दुसरं कुणीतरी उभं करा," असं कोण तरी म्हणालं.

तेवढ्यात परेडवर देतात तसली आरोळी. "आलोऽऽ!"

अगं बाई! अख्खा तांब्या मी तुळशीत रिकामा केला. रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. आत मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझा फोन वाजला. दीर.

"वैनी, अजून साताऱ्याच्या अलीकडंच हाय ओ, घाटात अडकलोय. मुहूर्त जरा थांबवता येतोय का बगा की."

"मामा उभा हाय तिच्या मागं," मी म्हणाले. "तुमी या सावकाश, भावोजी. जेवाण झाकून ठेवते."