लाटसाहेबाची हळद

दिवा गावाजवळच्या खाडीकाठी ठमाबाई नावाची एक धवलारीण राहत असे. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवळे ही मंगलगीते गाऊन सारे विधी पार पाडणारी बाई. मांडवात तिच्या शब्दापुढे नवऱ्याचा बापही बोलत नसे. ज्याच्या नावाने धवळा गायचा त्याचे अवघे आयुष्य तिला ठाऊक असावे लागे. म्हणून ती प्रत्येकाला खोदून खोदून विचारी, आणि ऐकलेले सहसा विसरत नसे. बोलताना ती देवालाही एकेरीत हाक मारी, तर माणसांची काय कथा!

अठराशे अठ्ठ्याऐंशी सालच्या माघात गावावर मोठे संकट आले. सरकारने लहान मिठागरे बंद करण्याचे ठरवले होते. कोणते राखावे आणि कोणते मोडावे, हे सांगण्यासाठी लॉर्ड हेन्शॉ नावाचे एक निवृत्त लष्करी गृहस्थ नेमले होते. हे साहेब मचव्यात बसूनच मिठागर पाहतात आणि न उतरताच बंद करतात, अशी वार्ता खाडीभर पसरली होती. गावचे मिठागर गेले असते तर ठमाबाईचा भाऊ भिवा, आणि त्याच्यासोबत सारा गाव उघड्यावर पडला असता.

साहेब आला तो नेमका भिवाच्या मुलीच्या, सगुणेच्या, हळदीच्या दिवशी. पाणी पिण्यापुरता तो धक्क्यावर उतरला, तोच ठमाबाईने पुढे होऊन त्याच्या दोन्ही गालांना हळद फासली. मग इतर बायांनीही हात धुऊन घेतले. कान, कल्ले, मिशा, काहीएक सुटले नाही.

"मी अत्यंत आभारी आहे," साहेब म्हणाला. तरुणपणी मुंबई इलाख्याच्या पलटणीत असताना तो मुनशीकडून पुस्तकी मराठी शिकला होता. "आता भरती आहे तोवर मला कल्याणास जाणे प्राप्त आहे."

"आता कसा जाशील, बाबा? हलद लागली तुला. लगीन लागल्याबिगर शीव ओलांडायची नाय."

साहेबाबरोबर कल्याणचे हरिहरपंत कारकून होते. ते दबक्या आवाजात म्हणाले, "ठमाबाई, हा नियम नवरानवरीचा आहे. पाहुण्यांचा नव्हे."

"पाहुना मोठा हाय, पंत. नियम बी त्याच्या मापाचा नको?"

"आणि मी गेलो तर?" साहेबाने विचारले.

"जा की! पोरीचं लगीन मोडलं तं खाडीच्या दोनी काठांना सांगू, लाटसाहेबानं मोडलं."

साहेब मुकाट्याने घोंगडीवर बसला. ठमाबाई त्याच्यासमोर बसली आणि धवळा बांधण्यासाठी त्याचे आयुष्य विचारू लागली. तो एका गरीब पाद्र्याचा चौथा मुलगा निघाला. घरी वाट्याला काही येणार नाही म्हणून तो पलटणीत शिरला. हिंदुस्थानात त्याची लढाई झाली ती फक्त हिवतापाशी.

"मंग राणीनं तुला उमराव कनाला केलं?"

"आयर्लंड नावाचे बेट आहे. तिथे कुळांनी खंड देणे बंद केले होते. मी एका गावास वेढा दिला. कोणासही शीव ओलांडू दिली नाही. शेवटी त्यांनी घरे सोडली."

"मंजे आमी आज तुला अडवलं, तसंच?"

साहेबाने मिशीवरून हात फिरवला. हात पिवळा झाला.

"न् ही कपालावरची खून? तलवारीची?"

साहेबाने इकडेतिकडे पाहिले. "त्याच गावातल्या एका म्हातारीने पेजेचे मडके फेकून मारले," तो पुटपुटला. कुडाआडच्या बाया खो खो हसल्या. "हे आपण गाणार नाही ना?"

"खोटा धवला गाऊन लगीन लागत नाय, बाबा."

"आपण निदान तेवढे वगळावे. त्यासाठी मी काय करावे?"

"सकाली मिठागरात ये. पन पायानं."

सकाळी पिवळ्या तोंडाचा साहेब अनवाणी बांधावर निघाला, आणि चार पावलांतच चिखलात बसला. भिवाने त्याला वर ओढले आणि मीठ ओढायची लाकडी फळी त्याच्या हातात दिली. घाम गाळून साहेबाने जो ढीग केला, त्यात मांजरालाही लपता आले नसते.

"हे बंद झाल्यास तू काय करशील?" धापा टाकत त्याने भिवाला विचारले.

"घरं सोडू, साहेब. तुज्या त्या कुलांसारखी."

साहेबाने हातातली फळी बांधावर ठेवली. मग त्याने हरिहरपंतांना बोलावून सांगितले, "हे मिठागर राखावे, असे मी कळवणार आहे."

संध्याकाळी लग्न लागले. ठमाबाईने साहेबाचा धवळा गायला. कपाळावरच्या खुणेपाशी येताच ती शब्द गिळून नुसतीच गुणगुणली. बायांनी पदर तोंडाला लावले, आणि शेवटी साहेबही हसला.

मचव्यात चढताना हरिहरपंतांनी विचारले, "ठमाबाई, खरे सांगा, साहेबांनी ऐकले नसते तर?"

"तं काय, पंत? परवा शेजारच्या नाथाच्या पोराची बी हलद हाय."