पाखडलेली माती

कृषी पदविकेचा कागद हातात पडला आणि माझी मिजास काय विचारता! खोडाळ्याच्या बाजारात कुणी ओळखीचा शेतकरी भेटला, की मी त्याला कणांची मापं ऐकवायचे. दोन मिलिमीटरपर्यंतचे जाड कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक तो पोयटा आणि मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक ती चिकणमाती. तो बिचारा डोक्यावर नागलीचं ओझं घेऊन मुकाट उभा राहायचा.

त्याच वर्षी कृषी खात्यानं शेततळ्यांसाठी अर्ज मागवले. तळं मिळालं तर हिवाळ्यात मोगऱ्याला पाणी मिळणार होतं आणि दिवाळीनंतर बाबांचं वीटभट्टीवर जाणं सुटणार होतं. अट एकच, जमीन पाणी धरणारी, म्हणजे चिकण हवी. बाबांनी खाचरातली माती ओली करून तळहातावर वळली. लांब वळी झाली, ती बोटाला गुंडाळली, तरी तुटली नाही. चिकणच आहे, म्हणाले. मी हसले. हातानं माती ओळखायची हा अडाण्यांचा कारभार, असं त्यांच्या तोंडावर बोलले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

माती तपासायला मोखाड्याहून खात्याचे साहेब आले ते गाडीतून उतरून आमच्या ओट्यापर्यंत. पुढे त्यांच्या बुटांना शेत चालत नव्हतं. नमुना शेतात चार-पाच जागी वीतभर खणून घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. परीक्षेत त्याची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते मी! पण साहेबांशी खुर्चीत बसून बोलणारी शिकलेली बाई कुदळ कशी उचलणार? आईला सांगितलं, शेतातली पिशवीभर माती आण.

आईला यायला बराच वेळ लागला. साहेबांनी ती माती बाटलीत पाणी घालून हलवली आणि चहा घेतला. चहा संपेपर्यंत सगळं तळाशी बसलं, वर पाणी नितळ. साहेब म्हणाले, वाळूसर आहे, पाणी धरणार नाही. बाबा काही बोलायला गेले, तर मीच त्यांना गप्प केलं. कागदावर अर्जदारातर्फे सहीही मीच ठोकली.

चार दिवसांनी आई अंगणात नागली पाखडत होती. सहज म्हणाली, साहेबांची मातीपण अशीच पाखडली होती. आमच्याकडे पाहुण्याच्या हाती खडा-कचऱ्यासकट काही देत नाहीत. तिनं ढेकळं बडवली, खडे वेचले आणि सूप वाऱ्यावर धरून सगळा धुरळा उडवून दिला. आमची चिकणमाती म्हणजे तो धुरळाच होता.

मिळेल ती जीप धरून मी मोखाड्याला पळाले. साहेबांनी माझीच सही माझ्यापुढे धरली आणि यादी वर गेली, म्हणून सांगितलं. इतका राग आला त्यांचा! पण त्यांच्यावर ओरडायला मला तोंड कुठे होतं? घरी येऊन सगळं खरं सांगितलं, तेव्हा आई रडली. साहेबांची चांगली सरबराई केली म्हणून ती इतके दिवस खुशीत होती.

वीटभट्टीची गाडी आली त्या दिवशी बाबांनी कपड्यांचं बोचकं खांद्यावर टाकलं. मी पाया पडले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"पुढच्या खेपेला माती मी आणीन," ते म्हणाले. "तू निस्तं नाव लिही."