मनकर्णेचं जांभळं पागोटं

अर्ध्या कुरडया बाजेवरच्या धोतरावर पडल्या होत्या आणि अर्धा चीक अजून पातेल्यात वाफाळत होता, तेवढ्यात मनकर्णा आली. चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून तिला "ये, बैस" म्हणायलाही मला सवड नव्हती. तिनंही वाट पाहिली नाही. परकर खोचला, माझ्या हातातला सोऱ्या काढून घेतला आणि पहिलीच कुरडई अशी घातली, की माझ्या सगळ्या कुरडया कोंबडीनं उकरल्यासारख्या दिसायला लागल्या.

"बाई, उद्याचा माझा शेलापागोटा जुळवला का?"

अकरावीची मुलं मॅट्रिकला बसायच्या आधी आमच्या शाळेत त्यांना निरोप देतात, तो शेलापागोट्यांनी. मुलाचं नाव पुकारायचं, पुढं त्याला काय व्हायचंय त्यावर दोन ओळींची थट्टा वाचायची आणि रंगीत कागदाचं पागोटं त्याच्या डोक्यावर ठेवायचं. नियम एकच. राग धरायचा नाही. मुलानं नाही आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. जो रागावेल त्यानं सगळ्या शाळेला गूळ-शेंगदाणे वाटायचे. एका गृहस्थांनी पूर्वी एकदा वाटले होते. त्यांना गाव अजून शेंगदाणेमामा म्हणतं. तेव्हापासून कुणी रागावलेलं नाही.

आमचे मास्तर, म्हणजे शांतवन मास्तर, शाळेत भूगोल शिकवतात आणि ओळी जुळवायचं काम माझ्यावर ढकलतात. मी रविवारच्या उपासनेसाठी भजनं रचते ना! "देवाची स्तुती जमते तर पोरांची थट्टा का जमू नये?" असं त्यांचं म्हणणं. देवाची स्तुती करायला काही शोधावं लागत नाही, हे मी त्यांना दरवर्षी सांगते. पण यंदाची पोरंही तशीच निघाली, शोधावं लागलंच नाही. सहादेवला एसटीचा ड्रायव्हर व्हायचंय. त्याच्यासाठी मी लिहिलं:

ताटाचं करतो स्टेअरिंग, तोंडानं देतो भोंगा,
गाडी वेळेवर सुटेल हो, पण ड्रायव्हर उठला का सांगा!

रंगनाथ पलटणीत जाणार म्हणतो. त्याला मिसरूड फुटलंय आणि तो ते दिवसातून दहादा चाचपतो.

छाती याची रुंद, मिशीला फुटला कोंब,
पाल दिसली भिंतीवर की वर्गात मारतो बोंब!

मनकर्णेसाठी लिहिलेलं मी तिला कुरडया घालता घालता म्हणून दाखवलं:

भाकरी थापते चंद्रासारखी, रांधते किती छान,
सासरी गेली मनकर्णा की सासूचा वाढेल मान.

सोऱ्या थांबला. "बाई, ह्ये तर मागल्या साली चांगुणाला हुतं."

"चांगुणाची भाकरी कुठं गोल होती गं?"

"तरी तिला ह्येच हुतं. पोरान्ला ड्रायव्हर, पोरान्ला पलटन, आन् पोरी आल्या की तुमाला भाकरीच सुचती. भूक लागल्याली असती का तुमाला लिवताना?"

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. "बरं बाई, मग काय लिहू? कलेक्टर?"

"नर्स."

तिनं पुढची कुरडई घातली. हात जराही हलला नाही.

हे नर्सचं खूळ आमच्याच घरातून लागलेलं. मास्तरांची बहीण मार्था नगरला दवाखान्यात नर्स आहे. नाताळात ती आमच्याकडे आली, तेव्हा चारही दिवस मनकर्णा तिच्या मागं शेपटासारखी फिरत होती. पट्टी कशी गुंडाळायची, नाडी कुठं लागते, थर्मामीटर का झटकायचा, सगळं विचारून घेतलं. शेवटी मार्था कंटाळून म्हणाली, "वहिनी, हिला तरी पाठवा नगरला, नाहीतर मला तरी जाऊ द्या." मार्था गेल्यावर सराव करायला माणूस मिळेना, म्हणून शेजारच्या बायडाबाईच्या शेळीचा पाय कुंपणात खरचटला तेव्हा मनकर्णेनं तिला अशी पट्टी बांधली, की शेळी आठवडाभर लग्नातल्या वरमाईसारखी मिरवत होती.

पण तिचे वडील गोरक्षनाथ, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, ते ऐकायला तयार नव्हते. परक्या बाप्याचं मनगट धरायचं, रात्रपाळी करायची, हे आपल्या घरात चालायचं नाही, म्हणाले. शिवाय सुप्याचं एक स्थळ आलं होतं. तात्यांनी हो म्हटलं तर मनकर्णा जूनला नगरला जाणार, आणि नाही म्हटलं तर वैशाखात सुप्याला. मधला रस्ता नव्हता.

"मग तू त्यांच्याशी नीट बोल ना."

"बोलले. 'नर्स' म्हनलं की तात्या बैलं सोडायला जात्यात. सांच्याला चारदा सोडली बैलं, बांधलेलीच न्हवती तरी." ती हसली. "पर उद्या तात्या शाळा कमिटीचं मेंबर म्हणून फुडं बसनार. सगळ्यांम्होरं वाचलं तर उठून कुठं जात्याल? आन् रागावता तर येतच न्हाई."

"आणि रागावले तर?"

"मग गूळ-शेंगदाणं मिळत्याल. मला लई आवडत्यात."

एवढं बोलून तिनं पातेलं खरवडायला घेतलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. देवी टोचायला माणसं आली तेव्हा तात्या कडब्याच्या गंजीत लपले होते, आणि "साहेब, आमचं तात्या हितं हायेत" असं सांगत टोचणाऱ्याला थेट गंजीपर्यंत घेऊन जाणारी हीच पोर. तेव्हा ती जेमतेम आठ वर्षांची असेल. धाडस तिला नवं नव्हतं.

पातेल्यात उरलेल्या चिकाची आम्ही खळ केली आणि पागोटी चिकटवली. दुकानात रंगीत कागद थोडाच मिळाला होता, त्यामुळे प्रत्येकाला एकच, मोजून मापून. सहादेवला लाल, रंगनाथला हिरवं, मनकर्णेला जांभळं. ओट्यावर टोपलीत वाळत ठेवली. संध्याकाळच्या प्रार्थनेत मी नेहमीप्रमाणे सगळ्यांची नावं घेतली आणि गोरक्षनाथतात्यांचं दोनदा घेतलं. "आज तात्या आजारी आहेत का?" मास्तरांनी डोळे मिटल्या मिटल्याच विचारलं. नव्या ओळी मी त्यांना तेव्हाच वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे उघडले. "अगं, ते कमिटीवर आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. मनकर्णा आईचं हिरवं लुगडं नेसून आली होती आणि पावलागणिक त्यात अडखळत होती. पुढं खुर्च्यांवर कमिटी. तात्यांनी ठेवणीतला गुलाबी फेटा बांधला होता. रोज सकाळी ते फेटा बांधतात तेव्हा त्याचं दुसरं टोक ताणून मनकर्णाच धरते, आणि त्या दिवशीही तिनंच धरलं असणार.

सहादेवचं वाचून झालं, तेव्हा त्यानं कमरेत वाकून तोंडानं भोंगा वाजवला. रंगनाथच्या वेळी कुणीतरी मागून "पाल! पाल!" ओरडलं आणि आमचा जवान खरोखरच दचकला, हिरवं पागोटं खाली पडलं. पोरं हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडली. तात्याही मांडीवर थाप मारून हसत होते. मग मास्तरांनी मनकर्णेचं नाव पुकारलं. ती पुढं आली आणि तात्यांकडं न पाहता शाळेच्या घंटेकडं पाहत उभी राहिली. मास्तरांनी घसा खाकरला.

कुणाला रुतला काटा? कुणाला चढला ताप? या!
नगरची नर्स मनकर्णा. पहिली सुई, तात्या, तुम्ही घ्या!

पोरांना कडब्याची गंज आठवली आणि हसू फुटलं. पण मोठ्या माणसांनी तात्यांचा चेहरा पाहिला, तसं ते हसू पुढच्या रांगेपासून विझत विझत मागं गेलं. मास्तरांनी पागोट्यासाठी घाईनं टोपलीत हात घातला. टोपली रिकामी. त्यांनी ती उलटी केली. जांभळं पागोटं नव्हतंच. डोक्यावर काही नाही, समोर बाप, आणि पोर तशीच उभी. मागून शेंगदाणेमामांचा आवाज आला, "तात्या, शेंगदाणं सांगू का?"

"गप बस रं, शेंगदाण्या!" म्हणत तात्या उठले.

आणि त्यांचा हात फेट्याकडं गेला. बाप्यानं चारचौघांत डोक्यावरचं उतरवायचं, तर ते मान गेल्यावरच. या दोन ओळी मी कशाला लिहिल्या, असं झालं. तात्यांनी फेटा उतरवला, चार ढांगांत पोरीजवळ गेले आणि तो तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. मोठ्या डोक्याचा फेटा. तो सरळ तिच्या नाकावर आला. मनकर्णा फेट्याच्या आतून म्हणाली, "तात्या, दिसंना."

"दिसनार कसं? लोकान्ला पट्ट्या बांधाया निघाली व्हय तू? मग ह्यो बांधून दाव आदी. सुटला तर वैशाखात सुपं."

तिनं फेटा पूर्ण उलगडला. ती गुलाबी पट्टी पार कमिटीच्या खुर्च्यांपर्यंत गेली. एक टोक तिनं आपल्या डोक्याशी धरलं, दुसरं खालीच पडून राहिलं, कारण रोज ते धरणारी आज बांधणारी झाली होती. तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मग पुटपुटत वाकले आणि टोक ताणून धरलं. "वडू नका तात्या, निस्तं धरा," ती म्हणाली. "मला शिकीवती व्हय?" ते म्हणाले, पण ओढायचे थांबले. एक एक पदर बसवत, अंगठ्यानं दाबत, कानामागून घेत ती गोल फिरत त्यांच्याजवळ आली आणि शेवटी त्यांच्या हातातलं टोक काढून घेऊन तिनं आत खोचलं.

तात्यांनी आधी डावीकडून ओढून पाहिलं, मग उजवीकडून. मग दोन बोटं कानाजवळ आत सारून पाहिली. सहादेवनं भोंगा वाजवायला तोंड उघडलं होतं, ते तसंच उघडं.

"घट्ट हाय," तात्या म्हणाले. "पर लई न्हाई. कान दाबला न्हाई." मग सगळ्यांकडं वळून त्यांनी आवाज चढवला. "सुप्याच्या पाव्हण्यान्ला म्हनावं, पोरगी नगरला चालली, थांबायचं तर थांबा. आन् मास्तरीणबाई, तुमच्या त्या दोन ओळी लिवल्या तशा खोडा. पयली सुई मला न्हाई. पयली मास्तरान्ला."

मास्तर लगेच खुर्चीमागं सरकले. मग जे हसू फुटलं ते घंटा झाली तरी थांबेना. शेंगदाणेमामांनी खिशातून मूठभर शेंगदाणे काढून आपले आपणच खाल्ले.

तात्या त्या दिवशी बोडक्या डोक्यानं घरी गेले. मनकर्णेनं फेटा उतरवू दिलाच नाही. लुगड्यात अडखळत आणि फेटा सांभाळत ती त्यांच्या पुढं चालली होती. रस्त्यात ज्यानं त्यानं विचारलं, आणि तात्यांनी प्रत्येकाला निराळं उत्तर दिलं. एकाला म्हणाले, धुवायला टाकलाय. दुसऱ्याला म्हणाले, डोकं गरम झालं हुतं.

जांभळ्या पागोट्याचा पत्ता आज सकाळी लागला. बायडाबाई शेळी घेऊन दारात उभी. शेळीची दाढी जांभळी, जीभ जांभळी. चिकाचा वास तिला लागला असणार. "मास्तरीणबाई, हिला काय रोग झाला गं? पोरीला इचारते, ती आता नर्स हाय," बायडाबाई म्हणाली. मी म्हटलं, रोग नाही, तिनं निरोप समारंभ खाल्लाय. ज्या पायाला पोरीनं पट्टी बांधली होती तोच पाय टेकवून शेळीनं माझ्या वाळत्या कुरडयांकडंही पाहिलं. मी बाज आत ओढली. जे झालं ते देवानं बरंच केलं, पण सगळी कामं शेळीकडून करून घ्यायची नसतात.

मनकर्णा मघाशी येऊन नगरच्या नर्सिंगच्या अर्जाचं विचारून गेली. त्याला फोटो लावायचा आहे. उद्या सकाळच्या गाडीनं ती आणि तात्या पारनेरला फोटो काढायला जाणार आहेत.