उकंडराव जमादाराचा चहा

उकंडराव जमादाराला लोक 'कोरडा जमादार' म्हणत. बिचाऱ्याची गस्त सारी पूर्णेकाठची, अन् नाव कोरडा! पण त्यालाही कारण होतं.

महाराष्ट्र तेव्हा नवानवा झालेला. ठाणं कुठल्या कुठं, वाटेत चिकट काळी माती, अन् पूर आला की पलीकडचं हिंगणं गाव पार तुटायचं. तिथं अर्जुनराव आणि दयाराम यांचं नदीतल्या टरबुजांच्या वाडीवरून हाडवैर. जमादारानं एकाकडे चहा घेतला की दुसरा गावभर बोंबलणार, "जमादार त्याह्यचा झाला!" म्हणून हा भला माणूस त्या गावात कोणाच्या घरचं घोटभर पाणी घेईना. नदीच्या वाळूत हातानं झिरा उकरायचा, त्यात पाझरेल ते पाणी प्यायचा. आपल्याला कोणी 'बसा' म्हणावं असं त्यालाही वाटायचंच की हो!

एका श्रावणात तो गावात शिरला आणि मागं नदी चढली. त्यात हिवतापानं गाठलं. शाळेच्या ओसरीत पडला, दातावर दात वाजायला लागले. अर्जुनरावाची अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आली, मागोमाग दयारामची पुष्पाबाई. याचं आपलं एकच, "नाई पेत."

या दोघी सख्ख्या बहिणी, बरं का! नवऱ्यांच्या वैरापायी बोलणं तुटलेलं. विहिरीवर गाठ पडली तरी तोंडं फिरवायच्या.

अन्नपूर्णाबाई भडकली. "मरतं का काय हा बाप्पा! अवं पुष्पे, पाह्यतं काय? जाय, दूध आन. गूळ-पत्ती माह्या घरची."

तिथंच तीन दगड मांडले, एकाच गंजात चहा उकळला. "पे आता! हा कोनाचाच नाई."

जमादार प्यायला. प्यायला अन् लहान पोरासारखा रडला.

मग काय, दोन्ही वेळा तिथंच चूल पेटू लागली. सरकारी माणूस आजारी, नवरे काय बोलणार, कपाळ? बहिणी सोनाळ्याच्या माहेराचं बोलू लागल्या. पुष्पाबाईची वर्षाची पोर मावशीनं अजून मांडीवर घेतली नव्हती, तीही आली.

नदी उतरली. नावाडी रहेमतुल्ला हाक मारत आला, "चला जमादार, डोंगा लावला!"

जमादारानं पाहिलं. पोर मावशीच्या मांडीवर झोपलेली, पुष्पाबाई चूल फुंकत होती. हा उठून गेला की चूल विझणार, अन् दोघी आपापल्या दारी. जन्मात खोटं न लिहिलेल्या जमादारानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढली.

"नाई रे रहेमतुल्ला. आंगात ताप हाये अजून."

अन्नपूर्णाबाईनं कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

"हाव वं पुष्पे," ती म्हणाली, "लयच ताप हाये."