भित्र्या काकांचा कंदील

"आधी सोडा, गुरुजी. घेनं आपसूक हुतंय." असं म्हणून काका माझ्या पाठीवर तळहात ठेवायचे आणि श्वास पुरता बाहेर जाईपर्यंत उचलायचे नाहीत.

काका विहिरींचा गाळ काढायचे, अडकलेल्या मोटारी वर काढायचे. कर्जतजवळच्या आमच्या गावात या कामाला तोटा नाही. कुठल्याशा शिबिरात ते प्राणायाम शिकून आले होते आणि सकाळी सहाला शाळेच्या व्हरांड्यात आम्हा सात-आठ जणांना शिकवायचे. अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि शेवटी थोडा कुंभक, म्हणजे श्वास आत धरून बसणं. आमची भ्रामरी घुमू लागली की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारायची. तिलाही गुण येतोय, असं काका गंभीरपणे सांगायचे.

मी तिथे गेलो तो भीतीपोटी. आई गेल्यावर मला मधूनच धडधड सुरू व्हायची. फळ्यासमोर उभा असताना श्वास पुरेनासा व्हायचा आणि आता आपण संपलो असं वाटायचं. नगरच्या डॉक्टरांनी सगळं तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. ठणठणीत माणसाला रोज मरणाची भीती वाटते, हे सांगायचं तरी कुणाला? काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. दोन-तीन महिन्यांत लांब श्वास सोडायला शिकलो. झोप लागू लागली. धडधड यायची, पण तिच्यासोबत बसून राहता येऊ लागलं.

"भ्या वाटनं वाईट न्हाई," ते म्हणाले. "म्या लई भित्रा हाय, म्हनून जिता हाय."

ते खरंच होतं. विहिरीत उतरण्याआधी ते पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडायचे. कंदील विझला तर खाली हवा वाईट. मग मालकाने कितीही घाई करू दे, काका काठावर तंबाखू मळत बसायचे. लोक पाठीमागे त्यांना भित्री भागूबाई म्हणायचे. तुम्हीही कदाचित म्हणाला असता.

मला मात्र त्यांचा दम मोजायची हौस. एकदा मोबाईलवर वेळ लावली, तर काकांनी दोन मिनिटं श्वास धरला. मी गावभर सांगत सुटलो. काका नाराज झाले. धरून ठेवण्यात कसलं आलंय कसब, असं म्हणाले आणि पुन्हा कधी मोजू दिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बंद पडलेल्या विहिरीतली मोटार काढायची होती. काकांना निरोप गेला होता, पण माझ्या धाकट्या भावाला तेवढा धीर धरवला नाही. तो एकटाच उतरला. मी पोचलो तेव्हा तो तळाशी चिखलात आडवा पडला होता. हाका मारल्या, तो हलला नाही. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच मागून काकांनी कॉलर धरून मला ओढलं.

त्यांनी कंदील सोडला. तो अर्ध्यातच विझला. एव्हाना शेजारचे दोघे दोर घेऊन आले होते. काकांनी त्यांच्यातल्या एकाला डाळिंबाच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर आणायला पिटाळलं. आधी खाली हवा मारायची, मगच उतरायचं.

"धा मिंटं, गुरुजी," ते म्हणाले. "श्वास सोडा."

मला श्वास सोडता येईना. दहा मिनिटांत माझा भाऊ मरणार होता. मी काकांच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "काका, तुम्ही दोन मिनिटं धरता. मी मोजलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या कंदिलाकडे पाहिलं. ते मला दिसलं, आणि तरीही मी नको म्हणालो नाही. विझलेला कंदील त्यांनी काठावर ठेवला, लांब श्वास सोडला, मग छाती भरून घेतला आणि दोराचं टोक हातात धरून उतरले. माणूस ओढता येईल असा दोर एकच होता. तो त्यांनी भावाच्या कमरेला बांधून हिसका दिला. आम्ही दोघे ओढू लागलो. भाऊ अर्ध्यावर आला तेव्हा काका चार-पाच पायऱ्या चढले होते. तिथेच ते भिंतीला पाठ टेकून बसले, सकाळी प्राणायामाला बसायचे तसे. ब्लोअर आला तोवर त्यांची मान कलली होती.

भाऊ वाचला. गावाने चौकात काकांचा फ्लेक्स लावला आणि फोटोखाली 'निर्भय' असं लिहिलं. एवढा भित्रा माणूस ऐन वेळी कसा उतरला, याचं सगळ्यांना नवल वाटतं. त्यांच्या कानाशी मी काय म्हणालो ते कुणालाच ठाऊक नाही. भावालाही सांगितलेलं नाही.

आता सकाळचा प्राणायामाचा वर्ग मीच घेतो. काकांच्या जागी गोणपाट टाकून भाऊ बसतो. परवा त्याने डोळे मिटून श्वास धरला आणि बोटाने मला खूण केली, मोज म्हणून. मी मोबाईल काढला नाही. माझी छाती धडधडू लागली होती, श्वास सुटत नव्हता आणि पाठीवर हात ठेवायला कुणी नव्हतं.