गाडी धुऊन आणू नये

रज्जाकभाईंनी गिअरबॉक्सखाली जॅक लावला होता. पहिला बोल्ट ढिला झाला होता. तेवढ्यात मी आडवा आलो.

"थांबा भाई. मला अर्धा तास द्या."

"अर्ध्या तासात काय करणार वाघमारे? तुम्हारी वायर बहुत हो गई. अब डब्बा खोलना पडता."

गिअरचा डबा खोलायचा म्हणजे गाडी उद्या संध्याकाळपर्यंत हलणार नाही. आणि गाडीचे मालक नरसिंगभाऊ तर आज दिवस मावळायच्या आत ती मागत होते.

परभणीतलं हे गॅरेज रज्जाकभाईंचं. इंजिन, क्लच, गिअर हे त्यांचं खातं. वायरिंग माझं. इतकी वर्षं एका छपराखाली काम करतोय, पण आमचं भांडण एकच. बिघाड लोखंडात आहे की तारेत? त्यांना प्रत्येक गाडीत लोखंड दिसतं, मला तार दिसते. दोघांनाही आपलंच खरं वाटतं, त्याशिवाय धंदा होत नाही.

गाडी होती जुनी फोर बाय फोर पिकअप. साध्या पिकअपमध्ये इंजिनची ताकद मागच्या दोनच चाकांना मिळते. हिच्यात गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाचा आणखी एक डबा असतो. चिखल लागला की तो पुढच्या चाकांनाही ताकद देतो. पूर्वी त्यासाठी दांडा ओढावा लागायचा, हिच्यात डॅशबोर्डवर बटण आहे. बटण फिरवलं की डब्यावरची छोटी मोटर गुरगुरते, आतला गिअर सरकवते आणि डॅशवर हिरवा दिवा लागतो. नरसिंगभाऊंच्या गाडीत दिवा नुसता लुकलुकत होता. मोटरचा आवाजच नव्हता.

नरसिंगभाऊ पालमकडचे धनगर. सुगी झाली की कळप घेऊन झरीच्या शिवारात येतात. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात. रानाला लेंडीखत मिळतं, मेंढरांना चारा. यंदा मात्र रान लवकर सोडायची पाळी आली होती.

"कॅनॉलचं पाणी सुटायलंय, मिस्त्री," नरसिंगभाऊ म्हणाले. "सांजच्याला आमच्या रानमालकाची पाळी हाय. त्याला गहू पेरायचाय, त्यो तरी कुठवर थांबंल? मोठी मेंढरं चालत काढली. पण ह्या आठवड्यातली कोकरं हायत. काल व्यालेल्या मेंढ्या हायत. त्यायला चालवंना."

"आता कुठं आहेत ती?"

"ओढ्याच्या पलीकडं, रानाच्या बाजूला. सकाळी गाडीत भरली अन् निघालो, तर चढावर चाकं नुसती गरगर फिरायलीत. समदी खाली उतरवली. चौघांनी रेटून रिकामी गाडी भायेर काढली अन् तसाच इकडं आलो. बायको बसलीय कोकरं घेऊन. तिकडं कुत्री लय हायत."

"दुसरी गाडी बघा ना," रज्जाकभाई म्हणाले.

"त्या गाऱ्या-चिखलात कोण येतंय भाई? ट्रॅक्टर समदे पेरणीला गुतलेत."

ही गाडी याच तक्रारीसाठी याआधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा आमच्या दारात आली की शहाण्यासारखी वागायची. बटण फिरवलं की मोटर फिरणार, दिवा लागणार. पहिल्या वेळी आम्ही तिला तशीच परत पाठवली. दुसऱ्या वेळी रज्जाकभाईंनी मोटरच बदलली. गाडी काही दिवस नीट चालली आणि पुन्हा बिघडली. आज पहिल्यांदा ती आमच्या डोळ्यांसमोर बिघडलेली होती. खरं सांगतो, मला त्याचा आनंदच झाला. समोर दिसणारा बिघाड अर्धा बरा झालेला असतो.

आधी फ्यूज पाहिले. ठीक होते. मोटरला वीज देणारा रिले काढून दुसरा लावला, फरक पडला नाही. मग सीटखालचं कंट्रोल युनिट उघडं केलं. हा या कामाचा छोटा कंप्युटर. मोटरमध्ये एक सेन्सर असतो. गिअर आत्ता कुठे उभा आहे, हे तो बारीक व्होल्टेज पाठवून या कंप्युटरला सांगतो. मी त्या तारेला मीटर लावला. गाडी उभी, बटणाला कुणाचा हात नाही, म्हणजे आकडा स्थिर हवा. आकडा वरखाली नाचत होता.

म्हणजे मोटर मेलेली नव्हती. कंप्युटरच तिला फिरू देत नव्हता. आपण कुठं उभे आहोत हेच ज्याला कळत नाही, तो पाऊल तरी कसा उचलणार?

"मतलब सेन्सर खराब," रज्जाकभाई म्हणाले. "सेन्सर मोटरमध्ये, मोटर डब्यावर. उतारो डब्बा."

"मोटर तुम्हीच नवी टाकलीत भाई. इतक्यात तिचा सेन्सर कसा जाईल?"

"आजकालचा माल, क्या बोल्ता."

मी उजेडासाठी बॅटरी घेऊन गाडीखाली सरकलो. मोटरच्या तारा जिथं जोडल्या जातात त्या प्लास्टिकच्या जोडाला आम्ही कपलर म्हणतो. तो बघायला मान वर केली आणि गालावर टपकन एक थेंब पडला. कोमट नव्हता एवढंच नशीब. वास मात्र असा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"भाऊ, हे काय पडायलंय वरून?"

नरसिंगभाऊ बाहेरून खाली वाकले. "मेंढरांचं मूत असंल, मिस्त्री. आज धुतली न्हाई गाडी. तशीच आणली, माफी करा."

बॅटरीच्या उजेडात हौद्याच्या पत्र्याला पाडलेलं बोटभर भोक दिसलं. त्याच्या नेमकं खाली कपलर.

मी बाहेर आलो, तोंड पुसलं. "हे भोक कुणी पाडलं?"

"मीच. हौद्यात ओल साचायची. कोकरं रातभर त्यातच बसायची, थंडीनं कुडकुडायची. म्हणलं निचरा व्हऊ द्यावा."

"आणि याआधी गाडी आणायचात तेव्हा?"

"तवा धुऊन आणायचो की! वॉशिंगवर खालनं-वरनं सगळी. घाण गाडी मिस्त्रीच्या दारात कशी न्यायची? बरं दिसत न्हाई."

मी रज्जाकभाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. दोनदा ही गाडी आम्हाला का फसवून गेली ते आता दोघांनाही कळलं होतं. मूत खारट, आणि खारट पाण्यातून वीज सहज पळते. ओल आत गेली की कपलरच्या एका पिनेतली वीज शेजारच्या पिनेत झिरपायची आणि सेन्सरचा निरोप बिघडायचा. वॉशिंगवर मीठ धुऊन जायचं. पालमहून इथवर येताना वाऱ्यानं आणि इंजिनच्या धगीनं कपलर सुकायचा. माणूस आमचा मान ठेवायचा आणि बिघाड घरीच ठेवून यायचा. नवी मोटर बसवताना कपलर काढून पुसला गेला असणार, म्हणून तेवढे दिवस गाडी चालली.

कपलर उघडला. पिना हिरव्या पडल्या होत्या. स्प्रे मारून ब्रशनं घासल्या, कॉम्प्रेसरच्या हवेनं सुकवल्या आणि जोडून मीटर लावला. आकडा जागच्या जागी थांबला. नरसिंगभाऊंना म्हटलं, फिरवा बटण. खालून गुर्र आवाज आला. हिरवा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

"नसीब से लगा," रज्जाकभाई म्हणाले. त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

मी समोरच्या हॉटेलातून ग्लासभर पाण्यात मूठभर मीठ घालून आणलं आणि हौद्यातल्या भोकात ओतलं. थोड्याच वेळात दिवा लुकलुकायला लागला. बटण फिरवलं, मोटर गप्प. रज्जाकभाईंनी जॅक खाली घेतला आणि तो ढिला केलेला बोल्ट स्वतःच्या हातानं आवळला. आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात एवढा मोठा विजय मला कधी मिळाला नव्हता, पण मिरवायला सवड नव्हती.

जुना कपलर कापून टाकला. भंगारातल्या एका गाडीचा चांगला काढून जोडला, आत ग्रीस भरलं, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि तारा भोकापासून दूर नेऊन बांधल्या. भोक बुजवायला गेलो तर नरसिंगभाऊंचा चेहरा पडला.

"मग कोकरांच्या बुडाखाली पुन्हा ओल ऱ्हाईल की हो."

ते भोक गाडीला बाधलं होतं, पण पाडलं होतं जिवाच्या काळजीनं. मला ते बुजववेना. रज्जाकभाईंनीच रबरी पाइपचा तुकडा शोधून आणला, भोकाला पक्का बसवला आणि त्याचं तोंड पार मागच्या चाकामागे काढलं. नरसिंगभाऊ गाडी घेऊन निघाले तेव्हा उन्हं कलली होती.

त्यानंतर माझं कुठल्याच कामात लक्ष लागेना. ओढ्याचा चढ मी पाहिलेला नव्हता. पण काळ्या मातीचा गारा मला माहीत आहे. रज्जाकभाई विनाकारण पाने पुसत बसले होते. अंधारायच्या सुमाराला फोन वाजला. आधी नुसतं बेंबें ऐकू आलं, मग नरसिंगभाऊ.

"मिस्त्री, चढली हो गाडी! भरलेल्या हौद्यानं चढली! दिवा जरा बी हालला न्हाई. आमी आता डांबरीवर हाव. पाणी आलंय रानात मागं."

"सगळी आली?"

"समदी. एक तर हिच्या मांडीवरच निजलंय."

फोन ठेवला आणि टायरवर बसकण मारली. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. रज्जाकभाई मात्र "चाय बोलो" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारावर पाटी लावली: "गाडी धुऊन आणू नये. आहे तशी आणावी." पाटीचा परिणाम एवढा झाला की आता लोक ट्रॉलीतल्या शेणासकट येतात आणि रज्जाकभाई नाकाला रुमाल लावून मला बोलावतात, "वाघमारे, तुम्हारे मेहमान आए."

परवा नरसिंगभाऊ ऑइल बदलायला आले. गाडी आरशासारखी चकचकीत. मी पाटीकडे बोट दाखवलं.

"वाचली की, मिस्त्री," ते म्हणाले. "पण आज तिला काय दुखायलंच न्हाई. मग घाण कशाला आणू?"